नुसतं बघायला

भूमच्या बसस्थानकावर उभ्या राहा आणि ओळखीच्या कुणालाही सांगा की तुळजापूरला चाललेय. "आमचाबी नमस्कार सांगा देवीला," असं उत्तर येईल. सांगा की बार्शीला दवाखान्यात चाललेय. कुठला डॉक्टर, किती दिवसांचं दुखणं, सोबत कोण, अशी आस्थेनं चौकशी होईल. सांगा की टोळीबरोबर ऊसतोडीला चाललेय, लेकरांसकट, सहा महिने घराला कुलूप. तेव्हा चौकशीसुद्धा होणार नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. आता सांगा की आइसलँड नावाच्या बेटावर समुद्राच्या काठी एक ज्वालामुखी आहे, त्याच्या माथ्यावर बर्फ आहे, आणि तो बघायला मी चाललेय.

"बघायला? नुसतं बघायला?"

माझा राग आहे तो या 'नुसतं'वर. गेले आठ महिने मी तो शब्द ऐकतेय. भाजीच्या गाड्यावर, हळदीकुंकवाला, पेन्शनरांच्या बैठकीत, नात्यातल्या प्रत्येक फोनवर. आमच्याकडं 'बघायला जाणं' या क्रियापदाला एकच मान्यताप्राप्त कर्म आहे, ते म्हणजे मुलगी. चार जणांनी जीप भरून परक्याच्या घरी जायचं, पोहे खायचे, मुलीला चालून दाखवायला लावायचं आणि 'कळवतो' म्हणून निघायचं, हे बघणं समाजमान्य. डोंगर बघणं मात्र थेर!

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ज्वालामुखीची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची मोजदाद नाही. खाली शिलारसाचं कोठार, मधे नळी, वर तोंड, आणि लाल खडूनं धूर. कारण शाळेत रंगीत खडू दोनच, लाल आणि पिवळा. माझ्याबरोबर नणंद येणार आहे. तिची खव्याची भट्टी आहे, शिक्षण सातवी, आणि तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करणारा छोटा हत्ती टेंपो ती स्वतः चालवते. आम्ही ठरवलेला डोंगर म्हणजे स्नायफेल्सयोकुल. आइसलँडच्या पश्चिमेला समुद्रात लांब घुसलेल्या स्नायफेल्सनेस या द्वीपकल्पाच्या अगदी टोकावर तो उभा आहे. उंची १४४६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरोबर २०० मीटरनं बुटका. हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडं शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या राजधानी रेक्याविकमधूनही तो दिसतो. शेवटचा पेटला त्याला सुमारे १८०० वर्षं झाली. तेव्हा आपल्या जिल्ह्यातलं तेर हे तगर नावानं गाजलेलं व्यापारी नगर होतं आणि तिथला माल थेट रोमपर्यंत जात होता. म्हणजे तेरच्या माणसानं बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्यात दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटतं ते आत्ता.

विरोधकांचं म्हणणं मी आधी जमेल तितकं धारदार करून मांडते, म्हणजे बाईंनी सोयीचं तेवढंच घेतलं असं मागून कुणी म्हणायला नको. ज्या तालुक्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या माणसानं लाखो रुपये बर्फ बघण्यात घालवणं हा माज आहे. स्वतःचा देश बघून झालेला नसताना परदेशी जाणं ही बड्या लोकांची नक्कल आहे. ज्वालामुखीचा आणि भूमचा काडीचा संबंध नाही. जे बघायचं ते मोबाइलवर फुकट दिसतं. आणि इतकं करून जायचंच असेल तर सहल कंपनीकडं पैसे भरावेत आणि झेंड्यामागं चालावं. दोन खेडवळ बायकांनी नकाशे पसरून बसणं हा पोरकटपणा आहे. सहावा मुद्दा पुण्याहून, माझ्या भाच्याकडून आला. तो शेवटी घेते, कारण तेवढा एकच मुद्दा मला रात्री झोपू देत नाही.

पहिला आरोप माजाचा. दुष्काळ मला कुणी शिकवू नये. १९७२ साली मी सहा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी सुकडीच्या रांगेत उभी राहायची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली तेव्हा आमच्याही घरात अंघोळीचं पाणी बादलीत साठवून पुन्हा वापरत होतो. त्यामुळं दुष्काळी माणसाला काय शोभतं आणि काय शोभत नाही, याचं प्रमाणपत्र मला नको. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की ही शोभा नेमकी कुठं कुठं मोजली जाते? आमच्या दोघींच्या प्रवासाला जेवढा पैसा लागेल, त्याहून जास्त पैसा गेल्या हंगामात आमच्याच गल्लीतल्या एका लग्नात मंडप, डीजे आणि फटाके यांत गेला. त्या मंडपात दुष्काळाची आठवण कुणी काढली? दारात उभी असलेली, महिन्यातून चारदा चालणारी, कर्जावरची मोठी गाडी माज नाही? वाढदिवसाचे फलक चौकाचौकात लावणं माज नाही? मग साठी ओलांडलेल्या बाईनं आपल्या पेन्शनमधून आणि खवा आटवून साठवलेल्या पैशांतून तिकीट काढलं की तेवढ्यापुरता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टँकर येऊन कसा उभा राहतो? दुष्काळाचा खरा कळवळा असता तर तो मांडवात आधी जागा झाला असता. हा कळवळा दुष्काळाचा नाहीच, हा हिशोब आहे. पैसा कशावर उधळायचा हे ठरवण्याचा हक्क आपल्या हातून निसटतोय याचा.

दुसरा आरोप: आधी आपला देश बघा. हे वाक्य मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांची मी छोटी तोंडी परीक्षा घेतली. सवय आहे, जात नाही. शेजारच्या तालुक्यातला परंड्याचा भुईकोट किल्ला आतून बघितलाय का? बहुतेकांनी बाहेरून, एसटीच्या खिडकीतून. तेरचं वस्तुसंग्रहालय? नाही. धाराशिवची लेणी? शाळेच्या सहलीत, तेव्हा डबा खाल्ल्याचं आठवतं. आपल्याच तालुक्यातल्या कुंथलगिरीला डोंगरावर जैन सिद्धक्षेत्र आहे, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये तिथं सल्लेखना घेतली. देशभरातून लोक तिथं येतात. आमच्या परीक्षार्थींना कुंथलगिरी म्हटल्यावर फक्त पेढा आठवला. मी हे सगळं बघितलंय, वर्गातल्या पोरांना घेऊन बघितलंय. आपला देश न बघणाऱ्यांनी 'आधी देश बघा' म्हणायचं म्हणजे उपास न धरणाऱ्यानं दुसऱ्याच्या फराळात मीठ कुठलं ते तपासण्यासारखं आहे.

बरं, देशात शोधायचं म्हटलं तरी हा डोंगर सापडणार कुठं? हिमालयात हिमनद्या आहेत, पण त्यांच्याखाली ज्वालामुखी नाही. ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. पण त्यावर बर्फ नाही आणि पर्यटकाला त्या बेटावर पाय ठेवता येत नाही, बोटीतूनच बघावं लागतं. पोटात आग, डोक्यावर बर्फ आणि पायाशी खवळलेला समुद्र, असं एकत्र आपल्याकडं नाही. नसलेली गोष्ट आधी इथं बघा आणि मग तिकडं जा, असं सांगणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

तिसरा आरोप माझ्या पोटापाण्यावरच आलेला आहे. ज्वालामुखीचा आणि भूमचा संबंध काय? अहो, भूम ज्वालामुखीच्या पाठीवर बसलंय! तुमच्या वाड्याची भिंत, पाराचा ओटा, घरातलं जातं, पाटा-वरवंटा, शेताचा बांध आणि रस्त्यावरची खडी, हा सगळा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि थरावर थर ओतत लाव्हा पसरला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापून आहे. बालाघाटाचे डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळंच. माझ्या आईनं बहात्तर साली फोडली ती खडी लाव्ह्याची होती. बिचारीला हे ठाऊक नव्हतं, आणि सांगायला मी तेव्हा भूगोलाची बाई झाले नव्हते.

संबंध इथं संपत नाही. बोअरची गाडी शिवारात येते तेव्हा आधी माती, मग मुरूम, आणि मग कठीण दगड लागतो. करडी भुकटी उडत राहते आणि मालक फुटामागं फूट मोजत बसतो. पाणी का लागत नाही? कारण हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि जुना, घट्ट झालेला बेसाल्ट पाणी धरत नाही. ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत सापडतं. फट लागली तर नशीब, नाही तर कर्ज. याच दगडाची झीज होऊन काळी माती झाली, ती मात्र ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी दवावर येते. म्हणजे आपली भाकरीही ज्वालामुखीनं दिली आणि आपली कोरडी बोअरही त्यानंच दिली. आणि आइसलँडमध्ये? दगड तोच, पण वयानं कोवळा. तिथला सगळ्यात जुना उघडा दगड दीड-पावणेदोन कोटी वर्षांच्या आतबाहेरचा, आणि नवा लाव्हा तर कालपरवाचा. तो सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पिऊन टाकतो आणि खाली झऱ्यांतून परत देतो. एकाच दगडाचं तारुण्य तिकडं आणि म्हातारपण इकडं. आपल्या म्हाताऱ्या दगडापायी ज्यांनी तीन-तीन बोअरी वाया घालवल्या, त्यांनी त्याचं तरुणपण बघायला जाणाऱ्या बाईला 'संबंध काय' विचारावं?

अजून संबंध हवाय? १७८३ मध्ये आइसलँडमधली लाकी नावाची भेगांची रांग आठ महिने वाहत राहिली. विषारी वायूंनी तिथली कुरणं जळाली, जनावरं मेली, आणि पाठोपाठच्या उपासमारीत त्या देशातला जवळजवळ पाचवा हिस्सा माणूस संपला. त्या वायूंनी आकाशात जो पडदा धरला त्यानं आफ्रिकेचा आणि भारताचा मोसमी पाऊस कमजोर केला असावा, असं संशोधकांनी संगणकावर हवामानाची प्रतिमानं मांडून दाखवलंय. २०१० च्या एप्रिलमध्ये एयाफ्यालायोकुल पेटला आणि युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर खिळली. तेव्हा वाट बघत मुंबईच्या विमानतळावर बसलेल्यांना ज्वालामुखीशी आपला संबंध बरोबर कळला होता. पावसाच्या एका ढगावर ज्यांचं वर्ष उभं आहे, त्यांनी तरी आभाळाला कुंपण असतं असं मानू नये.

चौथा आरोप: मोबाइलवर फुकट दिसतं. दिसतं ना. पंढरपूरच्या विठ्ठलाचं थेट दर्शनही मोबाइलवर दिसतं. मग आषाढीला दिंडीत कशाला जाता? तुळजापूरची आरतीही घरबसल्या दिसते. मग नवरात्रात पायी का निघता? नातू झाल्याचा व्हिडिओ आला की बाळंतिणीला भेटायला जाणं रद्द करता का? तिथं मात्र सगळ्यांना पटतं की जाणं वेगळं आणि दिसणं वेगळं. आमच्या एका सहकाऱ्यांनी यावर मला ज्यूल व्हर्न ऐकवला. १८६४ च्या त्याच्या कादंबरीत प्राध्यापक महाशय पृथ्वीच्या पोटात उतरतात ते याच स्नायफेल्सच्या तोंडातून, आणि व्हर्न स्वतः आइसलँडला कधीच गेला नव्हता. "बघा बाई, न जाताही लिहिता येतं." येतं की! फक्त त्यासाठी व्हर्न असावं लागतं. मी व्हर्न नाही, सर. मी एकतीस वर्षं न बघितलेल्या गोष्टी शिकवलेली मास्तरीण आहे. आणि न बघता शिकवलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. माझ्या फळ्यावरच्या एकाही ज्वालामुखीवर कधी बर्फ नव्हता.

त्यात हा डोंगर थांबून राहणाऱ्यांतला नाही. १९१० च्या सुमारास त्याच्यावरचं बर्फ बावीस चौरस किलोमीटरवर पसरलेलं होतं. आज त्याच्या निम्मंही नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याचा माथा नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा उघडा पडला. या शतकाच्या मध्यापर्यंत ते बर्फ जाईल असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग उरेल ते फक्त मोबाइलमधलं. तेव्हा निवांत बघा.

पाचवा आरोप माझा सगळ्यात आवडता. नियोजन आपल्यासारख्यांचं काम नाही! एका शहरातल्या सहल कार्यालयात आम्ही दोघी चौकशीला गेलो होतो. तिथल्या तरुणानं नणंदेच्या पायातल्या चपलांकडं बघितलं आणि सांगितलं, "शेतकरी बायकांचा व्हिसा होत नाही, मावशी. दुबई करा." दुबई करा! जणू आम्ही भाजी विचारली आणि त्यानं सांगितलं की मेथी संपली, पालक घ्या.

आता या तरुणाला आणि त्याच्या सुरात सूर मिसळणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना मी विचारते, दिंडी कोण काढतं? तीनशे माणसं, पंधरा मुक्काम, राहुट्या, टँकर, शिधा, म्हाताऱ्यांसाठी एक टेंपो, पाऊस आला तर शाळेची पडवी, कुणाची साखर वाढली तर गोळ्या, आणि या सगळ्याचा वहीत पै-पैचा हिशोब. हे कुठल्या सहल कंपनीनं केलं? ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उचल, गाडी, कोपीचं सामान आणि जनावरांचा चारा कसा जमवतो? पन्नास ठिकाणचं दूध फाटायच्या आत भट्टीवर आणून खवा करायचा आणि तो रात्रीच्या गाडीनं शहरात पोचवायचा, हे माझी नणंद वीस वर्षं रोज करते. नियोजन येत नाही कुणाला?

आम्ही काय केलं ते सांगते. आधी दिवस ठरवले. १२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा नेमका याच द्वीपकल्पावरून जातो. त्या आठवड्यात तिथं खोली मिळणं म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात खोली मिळणं. म्हणून २०२७ चा जून धरला. जूनमध्ये तिथं रात्र अशी होतच नाही. नणंदेची एकच शंका होती, "मग सांजवात कधी लावायची?" मी म्हटलं, घड्याळ बघून. मग कागद. आइसलँडला जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. माझी पेन्शन बँकेच्या पुस्तकात दिसते. नणंदेची शेती सातबाऱ्यावर दिसते, पण सातबारा मराठीत. मग त्याचं इंग्रजी भाषांतर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, दूध-खव्याच्या जमा रकमांचे तीन वर्षांचे बँकेचे उतारे. फाइल बनली. सहल कार्यालयातल्या तरुणानं न उघडताच नापास केलेली फाइल!

मग वाट. भारतातून तिकडं थेट विमान नाही, युरोपात कुठंतरी बदलावं लागतं. रेक्याविकपासून डोंगराच्या पायथ्याचं आर्नारस्टापी हे मासेमारांचं गाव अंदाजे दोनशे किलोमीटर, म्हणजे इथून पुण्याला जाण्याएवढं. गाडी नणंद चालवणार. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं ध्यानात ठेवायचं. डोंगरावरून जाणारा ५७० क्रमांकाचा कच्चा रस्ता आम्ही वगळला, तो उन्हाळ्यात थोडेच दिवस खुला असतो आणि साध्या गाडीचं ते काम नाही. माथ्यावर चढणार नाही, माझे गुडघे मला माहीत आहेत आणि बर्फातल्या भेगा वाटाड्याला माहीत असतात. आर्नारस्टापी ते हेल्नार अशी कड्याच्या काठाकाठानं अडीच किलोमीटरची पायवाट आहे, ती चालणार. तिथल्या वाऱ्यानं गाडीचं दार उलटं वाकतं म्हणून दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, हे वहीत लाल शाईनं लिहिलंय.

आणि नियोजन करता करता जे कळलं ते झेंड्यामागं कळलं असतं का? द्यूपालोनसांदूर नावाच्या काळ्या किनाऱ्यावर चार दगड ठेवलेले आहेत, १५४, १००, ५४ आणि २३ किलोचे. वल्ह्यांच्या बोटीवर काम हवं असेल तर गड्यानं निदान ५४ किलोचा उचलून दाखवायचा. आमच्या गावच्या मारुतीपुढं पैलवानांचा गोटा आहे, तोही काळ्या दगडाचा! आइसलँडमध्ये दह्यासारखा 'स्कीर' नावाचा पदार्थ हजार वर्षं खातात. त्याची कृती मी नणंदेला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "म्हंजी चक्काच की." आख्खा देश महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि माणसं चार लाखांच्या आसपास, आपल्या धाराशिव जिल्ह्यातच २०११ च्या जनगणनेला साडेसोळा लाख होती. संध्याकाळी भट्टी विझल्यावर दोघी हे वाचत बसतो. नणंदेला आता नकाशावरचे सगळे फाटे पाठ आहेत. ज्याला हे पोरकट वाटतं, त्यानं पोरांना भूगोल कशासाठी शिकवायला पाठवलं होतं?

आता भाच्याचा मुद्दा. त्यानं विचारलं, "मामी, विमानांच्या धुरानं जे बर्फ वितळतंय तेच बघायला तुम्ही विमानानं जाणार?" हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. तो खरा आहे. आमच्या दोन खुर्च्यांचा धूर आमच्या नावावर लागणार आणि तो कुठल्याही पुण्याईनं फिटणार नाही. म्हणून एकदाच जातोय, एकाच जागी जातोय, आठवड्यात सात देश उरकणार नाही. एवढं कबूल. याच्यापुढं मात्र भाच्याला माझा प्रश्न आहे. तू वर्षाला किती वेळा उडतोस, बाळा? बैठकीसाठी सकाळी दिल्लीला जाऊन रात्री परतणारा, थंडीत गोव्याला आणि उन्हाळ्यात थायलंडला जाणारा तू, पृथ्वीची काळजी तुला नेमकी मामीच्या पहिल्या विमानाला आठवते? चूल, सायकल, एसटी आणि छोटा हत्ती यांत जिचं आयुष्य गेलं, तिला संयमाचा पाठ पहिल्याच दिवशी, आणि ज्यांनी पोटभर उडून घेतलं त्यांना तो कधीच नाही?

आणखी एक. आइसलँडमधलं ओक्योकुल नावाचं बर्फ २०१४ मध्ये हिमनदी म्हणायच्या लायकीचं उरलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि पुढच्या पिढ्यांसाठी तिथं धातूची पाटी बसवून आले. मेलेल्या हिमनदीला त्यांनी माणसासारखा निरोप दिला. आमच्या लहानपणचे किती ओढे मेले? कितीची पाटी लावली आपण? सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात आभाळ फाटलं, रानं माती सोडून खरडून गेली, परंड्याकडं माणसं काढायला हेलिकॉप्टर आलं. एका पुराला एकच कारण चिकटवता येत नाही हे मी वर्गात शिकवलंय. पण ज्या तापत्या हवेनं तिकडचं बर्फ चाललंय तीच हवा आपल्या डोक्यावर आहे, हेही शिकवलंय. दुखणं एकच असेल तर दुसऱ्या रोग्याला भेटायला जाणं ही चैन ठरते का?

आता परत त्या 'नुसतं'कडं येते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेला निघाले ते दक्षिणा मिळवायला, म्हणजे पोटासाठी. प्रवासाचं हे कारण सगळ्यांना पटण्यासारखं. दक्षिणा वाटेत लुटली गेली. उरलं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं, आणि म्हणून १९०७ मध्ये छापलेला 'माझा प्रवास' आपण अजून वाचतो. पोटाचं गेलं, बघितलेलं राहिलं. तरी आमच्या गावाला बघणं 'नुसतं' वाटतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मवाळ करणार नाही. या तालुक्यातल्या माणसाला तीनच प्रवासांची परवानगी आहे: देवाचा, दवाखान्याचा आणि कामाचा. तिन्ही गरजेचे. गरज नसताना, फक्त जग कसं आहे ते कळावं म्हणून उठून जाणं हे शहरातल्यांचं, पैसेवाल्यांचं, पुरुषांचं, असं आपण ठरवून टाकलंय. आणि तसं ठरवताना आपणच आपल्याला गुराच्या रांगेत बसवलंय, जे फक्त चाऱ्याच्या दिशेनं चालतं. गरिबी पैशाची असते तेवढी पुरे आहे. कुतूहलाची गरिबी आपण वरून विकत घेतलीय, आणि तिच्यावर साधेपणाचं लेबल लावलंय.

बरीच वर्षं झाली. सातवीच्या वर्गात ऊसतोड कामगाराच्या एका पोरानं पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून विचारलं होतं, "बाई, खाली आग हाय तर वर बर्फ कसं टिकतं?" मला नीट सांगता आलं नाही. आग खूप खोल असते, डोंगर शेकडो वर्षं निजलेला असतो आणि माथ्यावर पडणारं बर्फ वितळणाऱ्या बर्फापेक्षा जास्त असतं तोवर ते टिकतं, हे आज मला तोंडपाठ आहे. तेव्हा मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. पुढच्या तासाला तो नव्हता. टोळी निघाली होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं की कुठं चाललास, कशाला चाललास, परवडतं का, शोभतं का.

त्याला विचारायला हवं होतं ते सगळं आता मला विचारताय. विचारा. उत्तर ठरलेलं आहे: जून २०२७, दोन तिकिटं, नुसतं बघायला.